कुत्र्याला शिकवताना गळपट्टा कोणता घ्यावा: नागपुरात नवीन कुत्रा आणणाऱ्यांसाठी

बंडू आमच्याकडे आला तेव्हा अडीच महिन्यांचा लॅब्राडोर होता. दीड वर्षात तो ३२ किलोंचा झाला. सकाळी फिरायला निघालं की पूर्ण ताकदीने दोरी ओढायचा आणि माझा उजवा खांदा दिवसभर ठणकायचा. कुणीतरी एक प्रशिक्षक सुचवला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, याले चोक चेनच पाहिजे. आठ दिवसांत सरळ होते का नाई, पाहा."

मी चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळत जाणारी साखळी, आणली. बंडूने ओढलं की झटका द्यायचा, असं मला शिकवलं होतं, तसं मी केलं. तिसऱ्या आठवड्यात त्याला घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला लागला. डॉक्टरांनी त्याच्या गळ्यावर दोन बोटं हलकेच दाबली आणि तो लगेच खोकला. "साखळी आजच काढा," एवढंच ते म्हणाले. खोकला दोन आठवड्यांत गेला, पण मी गळ्याकडे हात नेला की मान खाली घालून मागे सरकायची त्याची सवय जायला आठ महिने लागले. ते आठ महिने मला अजून बोचतात.

त्यानंतर आली मैना, आपली गावठी कुत्री. तिची अडचण अगदी उलटी होती. ती ओढायची नाही, मागे सरकायची, आणि एका वर्षी मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी पट्टा तिच्या डोक्यावरून निघून हातात राहिला. चौदा तासांनी सापडली.

या दोघांच्या निमित्ताने जे कळलं ते क्रमाने सांगते. माझं म्हणणं थोडक्यात असं: पट्टा कुत्र्याला काही शिकवत नाही. शिकवता तुम्ही. तुम्ही शिकवत असताना कुत्रा सुरक्षित राहावा आणि त्याला दुखू नये, एवढंच पट्ट्याचं काम आहे. हे डोक्यात ठेवून दुकानात गेलात तर निम्मी दुकानदारी आपोआप बाजूला पडते.

शब्दांचंही आधी सांगते. आपल्याकडे गळ्यातला पट्टा, हातातली दोरी आणि छातीवरचा हार्नेस, तिन्हींना लोक "पट्टा" किंवा "बेल्ट" म्हणतात. फोनवर ऑर्डर देताना यातून हमखास घोटाळा होतो. खाली मी गळ्यातल्याला गळपट्टा आणि हातातल्याला दोरी म्हणते.

१. आधी अडचण ओळखा

दुकानदार पहिल्यांदा जात विचारतो. "लॅब आहे का? मग हा घ्या." तुम्ही मात्र आधी चार दिवस कुत्र्याकडे नीट पाहा आणि ठरवा की नेमकं काय बिघडतंय.

तो पुढे ओढतो का? घाबरून मागे सरकतो आणि पट्ट्यातून निसटतो का? मोकळं सोडल्यावर हाक मारली तर येत नाही का? की गेटवर उभा राहून भुंकतो? ओढणाऱ्याला पुढे क्लिप असलेला हार्नेस लागतो. निसटणाऱ्याला मार्टिंगेल, म्हणजे मागे सरकल्यावर थोडाच आवळणारा गळपट्टा. हाकेला न येणाऱ्याला लांब दोरी आणि बराच सराव. भुंकण्यासाठी तर कुठलाच पट्टा नको, आधी कारण शोधा. आमच्या समोरच्या घरचा कुत्रा दिवसभर भुंकायचा म्हणून त्या वहिनी भुंकणं बंद करणारा पट्टा शोधत होत्या. कुत्रा दिवसभर गेटला बांधलेला असायचा. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवायला लागले आणि बांधणं बंद केलं, तेव्हा भुंकणं निम्म्याहून कमी झालं.

२. मापं घ्या आणि लिहून ठेवा

घरातला शिंप्याचा टेप पुरतो. टेप नसेल तर सुतळी गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. कुत्रा उभा असताना माप घ्या. चार मापं लागतात:

- गळा, जिथे पट्टा नेहमी बसतो तिथे
- गळा, कानांच्या लगेच मागे, जिथे तो सर्वांत बारीक असतो
- डोकं, कपाळावरून जबड्याखालून, सर्वांत रुंद भागात
- छाती, पुढच्या पायांच्या लगेच मागे

तिसरं माप जवळजवळ कुणीच घेत नाही आणि कुत्री हरवतात ती त्यामुळेच. मैनेचा गळा ३६ सेंटीमीटर आणि डोकं ३७. म्हणजे साधा पट्टा कितीही नीट बसवला तरी तिने मागे जोर लावला की निघणारच. बंडूचं डोकं गळ्यापेक्षा चांगलं मोठं, त्याला तो धोका नाही. आपले गावठी कुत्रे, कारवानी, मुधोळ, यांची डोकी निमुळती असतात. अशा कुत्र्याच्या बाबतीत हे माप चुकवू नका.

केसाळ कुत्रा असेल तर टेप केसांखालून, कातडीजवळून न्या. आपल्याकडे घरोघरी जो पांढरा केसाळ कुत्रा "पॉमेरेनियन" म्हणून असतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. केस बाजूला केले की त्याचा गळा किती बारीक आहे ते कळतं.

पट्टा घातल्यावर पट्टा आणि गळा यांच्यामध्ये तुमची दोन बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. अगदी छोट्या कुत्र्याला एक बोट पुरे. पिल्लू असेल तर ही दोन बोटं दर रविवारी तपासा. पिल्लू आठवड्यागणिक वाढतं, पट्टा तेवढाच राहतो आणि गळ्यात रुततो. म्हणूनच पिल्लासाठी पहिला पट्टा महागाचा घेऊ नका.

वजन माहीत नसेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. तिथल्या दवाखान्यात लस द्यायला न्याल तेव्हा वजनही करून घ्या.

३. सोबत काय काय लागेल

दुकानात जाताना कुत्रा आणि मापांचा कागद. कुत्रा नेता येत नसेल तर बदलून देण्याची हमी बिलावर लिहून घ्या, "चालून जाईल ना ताई" यावर विसंबू नका. शिकवायला सुरुवात करताना सहा फुटांची साधी दोरी, कंबरेला बांधायची छोटी पिशवी आणि खाऊ. पट्ट्याला तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच, चिठ्ठी पावसात विरघळते. घरात लसीकरणाची पुस्तिका, रेबीजची लस दिल्याची नोंद, महापालिकेची नोंदणी केली असेल तर तो कागद, आणि कुत्र्याचे समोरून व बाजूने काढलेले दोन स्पष्ट फोटो एकत्र ठेवा. मैना हरवली तेव्हा माझ्याकडे तिचा एकही धड फोटो नव्हता, सगळे झोपलेले.

४. चार प्रकार, जे खरंच उपयोगी आहेत

साधा गळपट्टा. नायलॉनचा किंवा कातडी. शांत चालणाऱ्या कुत्र्याला आणि बिल्ला अडकवायला हाच. मोठ्या कुत्र्याला निदान एक इंच रुंद घ्या. अरुंद पट्टा कमी जागेवर जास्त दाबतो. पिल्लाला हलका घ्या, मोठी लोखंडी कडी त्याच्या मानेला जड होते. ओढणाऱ्या कुत्र्याची दोरी मात्र याला लावू नका. श्वासनलिका, थायरॉइड ग्रंथी, डोक्याकडून येणाऱ्या शिरा, हे सगळं पट्ट्याच्याच जागी असतं. गळ्यावर ओढ बसली की डोळ्यातला दाब वाढतो आणि हार्नेसवर तेवढीच ओढ दिली तर वाढत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे.

मार्टिंगेल. यात दोन फासे असतात. मोठा गळ्याभोवती आणि छोटा दोरी लावायला. कुत्रा मागे सरकला की पट्टा थोडा आवळतो आणि ठरावीक जागी थांबतो. चोक चेनसारखा आवळत जात नाही. हा बनलाच मुळी निमुळत्या डोक्याच्या, शिकारी जातींच्या कुत्र्यांसाठी. बसवताना एक गोष्ट पाहा: दोरी ताणल्यावर छोट्या फाशाच्या दोन्ही बाजूंच्या कड्या एकमेकींना टेकल्या नाही पाहिजेत. टेकल्या तर पट्टा सैल आहे आणि कुत्रा निसटेल. छोटा फासा साखळीचा न घेता कापडी घ्या. आणि मार्टिंगेल फक्त फिरताना घाला. घरात किंवा एकटं असताना तो कशात तरी अडकला तर आवळतो.

पुढे क्लिप असलेला हार्नेस. ओढणाऱ्या कुत्र्यासाठी मी डोळे मिटून हाच सांगते. दोरी छातीवर, पुढे लागते. कुत्र्याने जोर लावला की त्याचं अंग बाजूला, तुमच्याकडे वळतं आणि पुढे ओढून काही मिळत नाही. पाठीवर क्लिप असलेला हार्नेस दिसायला तसाच असतो पण तो ओढणं थांबवत नाही. उलट छातीने जोर लावणं कुत्र्याला सोपं जातं. बैलाच्या खांद्यावर जू ठेवल्यासारखं. दुकानात बहुतेक वेळा पाठीवरचाच दाखवतात. छातीवर कडी आहे का ते स्वतः उलटून पाहा.

आकारही पाहा. समोरून पाहिलं तर पट्ट्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या, छातीच्या मधल्या हाडावर जुळणाऱ्या हव्यात. छातीवरून सरळ आडवी पट्टी जाणारा हार्नेस खांदा अडवू शकतो. काखेत दोन बोटं जागा सोडा, नाहीतर आठवड्यात तिथे कातडी सोलवटते. पग आणि तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर हार्नेसच, गळ्यात दोरी कधीच नाही. स्पिट्झसारख्या छोट्या कुत्र्यांनाही तेच. छोट्या जातींमध्ये श्वासनलिका मऊ पडून दबण्याचा आजार जास्त आढळतो.

हेड हॉल्टर. नाकावरून आणि कानांमागून जाणाऱ्या दोन पट्ट्या. घोड्याच्या मोरकीचं तत्त्व, डोकं वळलं की अंग वळतं. ज्यांच्या हातात जोर कमी आहे आणि कुत्रा फार मोठा आहे अशा घरात, वयस्कर काका-काकूंसाठी, याचा उपयोग होतो. पण याची सवय लावायला दोन-तीन आठवडे लागतात आणि झटका बसला तर मान दुखावते. लोक त्याला मुस्की समजतात आणि "चावते का हो?" विचारतात. कुत्रा यात तोंड उघडू शकतो, धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो. तोंड बंद करणाऱ्या मुस्कीत आणि यात हाच फरक.

५. हे घेऊ नका

चोक चेन, आतून काटे असलेला पट्टा, शॉक देणारा पट्टा.

ते कधीच काम करत नाहीत असं मी म्हणणार नाही. करतात, म्हणूनच विकले जातात. कुत्रा ओढायचं थांबवतो, कारण ओढलं की दुखतं. प्रश्न असा आहे की दुखलं तेव्हा त्याच्या समोर काय होतं, ते तुमच्या हातात नसतं. समजा समोरून शेजारचं पोरगं सायकलवर आलं, कुत्रा उत्साहाने पुढे धावला आणि गळ्यात काटे रुतले. असं चार-पाच वेळा झालं की कुत्र्याच्या मनात सायकल आणि दुखणं यांची गाठ बसते. मग तो सायकल दिसली की गुरगुरतो. गुरगुरल्यावर पुन्हा झटका बसतो. मग तो गुरगुरणं सोडतो आणि एक दिवस काही इशारा न देता चावतो. लोक म्हणतात, अचानक चावला.

शॉकच्या पट्ट्याबद्दल विक्रेता म्हणतो, "करंट अगदी हलका आहे, हातावर लावून पाहा." हातावर आणि ओल्या गळ्यावर सारखा लागत नाही, आणि तुम्हाला कधी लागणार ते माहीत असतं, कुत्र्याला नसतं. वेल्समध्ये असे पट्टे वापरण्यावर २०१० पासून बंदी आहे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की सगळ्या प्रकारच्या शिकवण्यासाठी बक्षिसाचीच पद्धत वापरावी. आपल्याकडेही १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. प्राण्याला विनाकारण वेदना देणं त्यात गुन्हा आहे, आणि अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणंही.

एक अपवाद. बहिऱ्या कुत्र्यासाठी फक्त थरथरणारा, शॉक नसलेला पट्टा उपयोगी पडतो. थरथर झाली की माझ्याकडे बघ, खाऊ मिळेल, असं शिकवायचं. ती हाक असते, शिक्षा नसते.

कुणी प्रशिक्षक घरी येणार असेल तर पैसे ठरवण्याआधी विचारा: "कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता? चुकलं तर काय करता?" दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात झटका, साखळी किंवा "त्याला मालक कोण ते दाखवावं लागते" असं आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

६. दुकानात हाताने तपासा

बर्डीच्या बाजारात घ्या की ऑनलाइन, तपासणी तीच. कडी जोडलेली असेल तिथे फट आहे का पाहा. फट असेल तर जोर बसल्यावर ती उघडते, सांधा वितळवून जोडलेली घ्या. शिवण दुहेरी हवी, कडीजवळ फुलीची. प्लॅस्टिकचं बकल दहा वेळा लावा-काढा, एकदाही अडखळलं तर परत ठेवा. दोरीचा हूक अंगठ्याने दाबून पाहा, स्प्रिंग ढिली असेल तर कुत्र्याने अंग झटकलं की सुटतो. घुंगरू लावलेले पट्टे गोड दिसतात, पण कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण असतात. दिवसभर गळ्याशी तो आवाज त्याला नको.

आत-बाहेर होणारी, बटणाची दोरी शिकवताना घेऊ नका. तिच्यात कायम थोडा ताण असतो, म्हणजे ओढलं की दोरी वाढते हेच कुत्रा शिकतो.

७. घरी आणल्यावर पहिले पाच दिवस

आणला, घातला, निघालो, असं करू नका. पहिल्या दिवशी हार्नेस जमिनीवर ठेवा आणि त्याच्या आजूबाजूला खाऊ टाका. दुसऱ्या दिवशी खाऊ हार्नेसच्या भोकातून पलीकडून द्या, तोंड तो स्वतःहून आत घालेल. तिसऱ्या दिवशी बकल लावा, लगेच काढा, खाऊ द्या. चौथ्या दिवशी घालून घरात पाच मिनिटं खेळा. पाचव्या दिवशी दोरी लावून अंगणात. कुत्रा मागे सरकला तर एक दिवस मागे या. हेड हॉल्टरला प्रत्येक पायरीवर तीन-चार दिवस द्या.

खाऊ म्हणजे मीठ-मसाला नसलेलं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याएवढे तुकडे. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत. संत्रा बर्फी नाही. सावजीच्या हंडीतलं हाडूकही नाही, शिजलेलं हाड तुटून टोकदार होतं आणि मसाल्याने पोट बिघडतं.

८. चालायला शिकवताना

दोरी ताणली की जागेवर थांबा. ओढू नका, बोलू नका. कुत्रा वळून बघेल किंवा एक पाऊल मागे येईल, दोरी सैल होईल, त्या क्षणी "शाब्बास" आणि खाऊ तुमच्या गुडघ्याशी. मग पुढे. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत तीन घरंसुद्धा ओलांडून होणार नाहीत. होऊ देत. घरातले सगळे हे पाळतील असं मात्र बघा. मी थांबायची आणि आमचे हे ओढत न्यायचे, त्यात बंडूचा एक महिना वाया गेला.

हाकेला यायला शिकवण्यासाठी पाच ते दहा मीटरची लांब दोरी घ्या आणि लेआउटमधल्या मोकळ्या मैदानात, पहाटे, माणसं नसताना जा. ही दोरी कायम हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. गळपट्ट्याला किंवा हेड हॉल्टरला लावली आणि कुत्रा धावत जाऊन टोकाशी अडकला तर मानेला मोठी इजा होऊ शकते.

९. नागपूरचं ऊन, पाऊस आणि ढोलताशे

एप्रिलपासून पारा चढत ४५ च्या आसपास जातो तेव्हा पहाटे साडेपाचला निघा आणि सातच्या आत घरी या. रस्त्यावर पालथा हात सात सेकंद ठेवा, चटका बसला तर कुत्र्याला नेऊ नका. उन्हात तापलेली लोखंडी कडी आणि बकल कातडीला भाजतात. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत जाड, अस्तराचा हार्नेस नको, जाळीचा किंवा बारीक पट्ट्यांचा बरा. तोंड बंद करणारी मुस्की उन्हाळ्यात अजिबात नको. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो.

पावसाळ्यात ओला पट्टा गळ्यात राहिला की खाली कातडी लाल होऊन चिघळते. दोन पट्टे ठेवा, एक वाळत, एक गळ्यात. रोज घरी आलं की पट्टा काढून त्याखाली बोटं फिरवा. गोचीड लपायला तीच जागा शोधतात. गोचिडीचा औषधी पट्टा घालत असाल तर तो कातडीला टेकलेला राहावा लागतो आणि त्याला दोरी लावायची नाही. तो वेगळा आणि शिकवण्याचा वेगळा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, महाल-इतवारीकडे राहणाऱ्यांनी कुत्र्याला मिरवणुकीच्या वेळात बाहेर काढू नये. दिवाळीच्या आठवड्यातही अंधार पडायच्या आत फिरवून आणा. बाहेर काढावंच लागलं तर दोन्ही टोकांना हूक असलेली दोरी घ्या, एक हूक हार्नेसला, दुसरा मार्टिंगेलला. एक निसटलं तरी दुसरं राहतं. मैनेला मी आता बाराही महिने असंच नेते.

१०. नंतरची देखभाल

दोन कुत्री घरात खेळत असतील तर दोघांचे पट्टे काढा. एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला तर दोघंही घाबरून ओढतात आणि पिळ बसत जातो. अशा वेळी बकल उघडत नाही, म्हणून कात्री कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. रात्री झोपतानाही पट्टा काढलेला बरा.

खोकला, आवाज बदलणं, गळ्याला हात लावू न देणं, मानेवरचे केस जाणं, यातलं काही दिसलं तर पट्टा काढा आणि डॉक्टरांना दाखवा. महिन्यातून एकदा शिवण, बकल आणि बिल्ल्यावरचा नंबर पाहा. तुम्ही नंबर बदलला असेल तर बिल्ला त्याच दिवशी बदला.